शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत

डोंगरावर जायला आलेला माणूस बसमधून उतरला की आधी माझ्या धाकट्या भावापुढे जाऊन उभा राहतो. बसथांब्याच्या समोरच त्याचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, एक शटरची खोली, भिंतीवर मोठा नकाशा, एक टेबल आणि तो. आलेला माणूस विचारतो, इथे बघण्यासारखं काय आहे? आणि हा त्याच्या तोंडाकडे न बघता खाली पायांकडे बघतो. ‘‘बूट नवे दिसतायत. मग आज डोंगराच्या धारेवर जाऊ नका. आज तळ्याला फेरी मारा, बूट जरा नरम पडू देत. नखं कापलीत का? हसू नका, उतरताना बोटं काळीनिळी होतात. मोजे जादा घ्या, ते सॅकच्या तळाशी नाही, वर ठेवा. आणि फोटोचं ठिकाण विचाराल तर सुळक्याखालचा कठडा. सकाळी जा, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं.’’

माझं दुकान त्याच्या ऑफिसला लागून आहे. मी तंबू शिवते, सॅकचे तुटलेले पट्टे लावते, चेन बसवून देते. मधे एवढीशी पातळ भिंत, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं मला मशीनवर बसल्याबसल्या ऐकू येतं. वर्षानुवर्षं तेच ऐकून माझे कान किटलेत. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी तुम्हाला झऱ्याचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं ते सांगेन.

गंमत अशी, की हा माणूस स्वतः कधी डोंगरावर गेलेला नाही. लहानपणी आजारी पडला आणि डावा पाय बारीकच राहिला. काठी टेकत घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, एवढंच त्याचं फिरणं. गावाबाहेरच्या पुलापलीकडे त्यानं पाऊल टाकलेलं मी पाहिलेलं नाही. गावात त्याला सगळे खुर्ची म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तोही ओ देतो.

मग एवढं सगळं त्याला ठाऊक कसं? बायकोमुळे. आमची भावजय म्हणजे पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेली, म्हणून मी तिला भिंगरीच म्हणायची. घरात तिचं लक्ष लागत नसे. दूध उतू गेलं तरी हिचं लक्ष खिडकीतून धारेकडे. लग्न ठरलं तेव्हा मी आईला स्पष्ट म्हटलं होतं, अगं, एक बसलेला आणि एक पळती, यांचं जमणार कसं? पण असं जमलं, की मला मेलीला हेवा वाटायचा. ती सकाळी निघायची, संध्याकाळी यायची, आणि ऑफिसातल्या स्टुलावर बसून बूट काढता काढता सांगायला लागायची. घळीतला तिसरा दगड हललाय. वरच्या रानात माकडं आलीत, खाऊ उघडा ठेवू नका म्हणावं. कठड्यावरून आज पलीकडचं तळं दिसत होतं. हा नकाशावर बोट ठेवून ऐकायचा. ‘‘तळं कसं दिसत होतं?’’ असं विचारायचा. ‘‘तळ्यासारखं,’’ ती म्हणायची. मग हा रुसायचा, आणि मग ती नीट सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच शब्द मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे, पाहुण्यांना सांगताना. पाहुण्यांना वाटायचं, स्वतः डोळ्यांनी बघून आलाय.

त्यांचा एक नियम होता. वर गेलेला शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत शटर ओढायचं नाही. कोण गेलंय ते त्याला तोंडपाठ असायचं, आणि उतरणाऱ्यांनाही सांगून ठेवलेलं असायचं, की जाताना मला तोंड दाखवून जा. एखादा शहाणा दुसऱ्याच वाटेनं उतरून परस्पर बस पकडायचा आणि हा बसलाय आपला दिवा लावून. भिंगरी वर असली आणि अंधारायला लागलं की तिला खाली ऑफिसचा दिवा दिसायचा. ती म्हणायची, दिवा दिसला की मला कळतं, कुणीतरी राहिलंय वर. मग ती परत चढून एक चक्कर मारून यायची, कुणी अडकलंय का बघायला.

एवढ्या सगळ्या सल्ल्यांमध्ये एकच सल्ला असा होता, जो तिच्या पायांतून नव्हे, तर त्याच्या डोक्यातून आलेला होता. धुक्याचा. आमच्याकडे धारेवर धुकं येतं ते विचारून येत नाही. एका वर्षी एक पाहुणा धुक्यात चालत राहिला आणि कड्यावरून गेला. धाकट्यानं ते फार मनाला लावून घेतलं. मग त्यानं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, धुकं आलं की जिथे असाल तिथे बसा. उठू नका. धुकं जाऊ द्या, नाहीतर मी माणूस पाठवेन. भिंगरी पोट धरधरून हसली. ‘‘बसायचं कसं ते यांच्याकडूनच शिकावं बाई! अहो, धुक्यात मला वाट पायांना कळते. मी नाही बसणार.’’ तो म्हणाला, ‘‘तू पण बसायचंस.’’ ती म्हणाली, ‘‘बघू.’’

हंगामाच्या शेवटी एकदा कुणा पाहुण्यांना खिंडीत तंबू ठोकायचा होता, तर तिथलं पाणी अजून वाहतंय का, ते बघायला ती गेली. दुपारी धुकं आलं. माझ्या दुकानासमोरची बससुद्धा दिसेनाशी झाली. संध्याकाळपर्यंत ती आली नाही, तेव्हा धाकट्यानं शोधायला माणसं पाठवली. त्यांनी विचारलं, कुठे बघायचं? धाकट्यानं नकाशावर घळीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, ती चालत राहिली असणार, ती कुणाचं ऐकून बसणारी नाही. धारेवरून चुकली असेल तर घळीतच उतरेल. माणसं घळीत गेली, रात्रभर हाका मारत फिरली, दुसऱ्या दिवशी आणखी खाली गेली. धारेवर कुणीच गेलं नाही. धुकं उठेपर्यंत बरेच दिवस गेले, मग थंडी पडली आणि वरच्या वाटा बंद झाल्या. बाकी सगळीकडे बघून झालं. तिच्या अंगावरची चिंधीसुद्धा मिळाली नाही.

धाकट्यानं शटर ओढलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग कधीच नाही. तिथेच टेबलाच्या मागे अंथरूण टाकलं. मी डबा न्यायची आणि भांडायची. मी म्हटलं, ‘‘अरे, घर आहे आपल्याला, छप्पर आहे, गादी आहे. या बोचऱ्या वाऱ्यात दार उघडं टाकून झोपतोस, लोक काय म्हणतील?’’ तो म्हणाला, ‘‘ताई, शेवटचा माणूस उतरला नाहीये.’’ मी डबा आपटून घरी आले. रडले, आणि रडल्याबद्दल स्वतःवरच चिडले.

वाटा उघडल्या, नवा हंगाम लागला. पहिल्याच धुक्यानंतर दोन बहिणी उतरून आल्या. चांगल्या वयाच्या, हातात काठ्या, गाल लाल झालेले. ऑफिसात शिरल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमची व्यवस्था फार छान आहे हो! वर बाई ठेवलीत ते फार बरं केलंत.’’

माझं मशीन तिथल्या तिथे थांबलं.

‘‘कुठली बाई?’’ धाकट्यानं विचारलं.

‘‘धारेवर बसलेली. आम्ही धुक्यात पार गोंधळलो होतो. ही म्हणाली, बसा इथे, उठू नका, धुकं जाईल. मोजे बदलायला लावलंन्, खायला लावलंन्. पाऊण एक तास बसलो तिच्याजवळ. धुकं विरलं तेव्हा बघतो तर आमच्या पुढ्यात चार पावलांवर कडा!’’

‘‘ती बसली होती?’’ धाकट्याचा आवाज मला ओळखू येईना. ‘‘उभी नव्हती? चालत नव्हती?’’

‘‘बसलीच होती बाई. आम्ही निघालो तरी उठली नाही. एवढंच विचारलं, खाली ऑफिस उघडं आहे का? आम्ही म्हटलं, सकाळी तर उघडं होतं.’’

त्या गेल्यावर मी ऑफिसात गेले. हा नकाशासमोर उभा होता आणि घळीवर नाही, धारेवर हात ठेवून होता. मी म्हटलं, कुणीतरी गुराखीण असेल. दुसऱ्या गावची असेल. काय वाट्टेल ते मनात आणू नकोस. तो म्हणाला, ‘‘ताई, तिनं माझं ऐकलं होतं. जन्मात एकदा ऐकलंन्, आणि मी माणसं घळीत पाठवली.’’

तेव्हापासून ते सुरू झालं. धुकं नसलं की धारेवर चिटपाखरूसुद्धा नाही. धुकं आलं की ती आहे. हरेक जण खाली येऊन तिचं कौतुक करायचा. कुणाला वाटे सरकारनं नेमलीय, कुणाला वाटे धाकट्यानं. सगळ्यांना तिनं बसवलेलं असायचं आणि सगळ्यांना तेच विचारलेलं असायचं, खाली ऑफिस उघडं आहे का. एकानं तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला होता. तो म्हणाला, बाईंनी पेला हातात धरला, तोंडाला लावला, परत दिला, तर चहा तेवढाच्या तेवढा आणि वर बर्फाची साय. एकाचा कुत्रा तिच्याजवळ जाईना, पट्टा ओढून ओढून त्याची मान सोलली. एक फोटोवाला म्हणाला, आम्ही सगळे धुक्यानं निथळत होतो, केसांतून पाणी गळत होतं, बाईंच्या अंगावर मात्र थेंब नाही. तो हे सांगून हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी एका तंबूची शिवण चार वेळा उसवली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, आजही नाही. पण त्या वर्षांत धारेवरून एकही माणूस पडला नाही, हेही खरं आहे. आणि धाकटा या बातम्यांवर जगत होता, तेही खरं आहे. धुकं आलं की तो दाढी करायचा. खुर्ची दाराशी ओढायचा आणि उतरणाऱ्यांची वाट बघायचा. ‘‘भेटली का? काय म्हणाली? कशी होती?’’ बाकीचे दिवस तो खोकत पडलेला असायचा. खोकला आधी थंडीपुरता होता, मग बारमाही झाला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, त्या उघड्या खोलीत यांनी आणखी एक थंडी काढली तर पुढची दिसायची नाही. घरात आणा. मी आत जाऊन धाकट्याला म्हटलं, ऐकलंस ना? तो म्हणाला, ‘‘ती आली की येतो.’’

माझं डोकंच फिरलं. आई गेली, वडील गेले, मला मूल नाही, नवरा कधीचाच वारला. उरलंय कोण? तर हा एक हट्टी, लंगडा, खोकणारा भाऊ. आणि तोही मला त्या उघड्या शटरच्या पायी गमवायचा? मी म्हटलं, ‘‘ठीक आहे. तू नाही जाऊ शकत ना? मी जाते. मी आणते तुझ्या बायकोला खाली. मग तर ओढशील शटर?’’

मग त्याची नजर खाली माझ्या चपलांवर गेली. ‘‘या घालून?’’ तो म्हणाला.

माझ्या गुडघ्यांची काय अवस्था आहे ते माझं मला माहीत. पण बूट-मोजे घालून निघाले. निघण्यापूर्वी त्यानं मला पुढ्यात बसवून अगदी पाहुण्यांना सांगतो तसं सगळं सांगितलं. बोलता बोलता चढता येईल एवढ्याच वेगानं चढ. दम लागला की उभी राहा, बसू नकोस, बसलीस की गुडघे धरतील. रानातून डावीकडची वाट घे, उजवीकडची सोपी दिसते पण ती ओढ्यात संपते. झऱ्यावर पाणी भरून घे. कठड्याशी थांब, तिथून बघ. मी म्हटलं, मी काय सहलीला चाललेय? तो म्हणाला, ‘‘तरी बघ. आणि मला येऊन सांग.’’

थांबले मी कठड्याशी. खरं सांगते, एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की हे असं आहे. म्हणजे सांगितलं होतं, हजारदा ऐकलं होतं भिंतीपलीकडून, पण ऐकणं वेगळं. खाली आमचं गाव, बस काडेपेटीएवढी, पलीकडे तळं, आणि सगळीकडे नुसता वारा. मी तोंडावर हात ठेवून उभीच राहिले. भिंगरीचं लक्ष घरात का लागत नसे, ते मला त्या दिवशी कळलं.

धारेवर पोचले तेव्हा भर दुपार होती. ऊन होतं. मी दगडावर टेकले, पाणी प्यायले, आणि तोंड पुसून बघते तर सुळका नाहीसा झालेला. मग वाट गेली. मग माझे स्वतःचे पाय गेले. आवाजही गेला, वारा असा थांबला की माझा श्वास मला ऐकू यायला लागला. कानशिलांवरून पाणी उतरायला लागलं. माझी अशी गाळण उडाली की उठून पळावंसं वाटत होतं, कुठेही. पण मी बसून राहिले. धाकट्यानं सांगितलं होतं म्हणून बसून राहिले.

‘‘वन्सं, तुम्ही?’’

अगदी बाजूलाच. हात लांब केला असता तर लागला असता. मी मान वळवली नाही. मला धीरच झाला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचे बूट दिसत होते, मीच ज्यांची जीभ शिवून दिली होती ते. बूट कोरडे होते.

‘‘तुमचे गुडघे दुखत असतील. मोजे बदला,’’ ती म्हणाली. आवाज तोच, घाईतला, अर्धवट हसू असलेला.

मला वाटलं होतं मी रडेन, नाहीतर ओरडेन. पण माझ्या तोंडून नेहमीसारखं रागावणंच बाहेर आलं. ‘‘काय चालवलंयस गं हे? किती जीव टांगायचा माणसाचा? ऊठ. चल घरी. त्यानं मला पाठवलंय.’’

‘‘धुकं आहे ना, वन्सं. धुक्यात उठायचं नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘खाली ऑफिस उघडं आहे का?’’

‘‘आहे तर! उघडंच आहे. रात्रंदिवस उघडं आहे.’’

‘‘मग कुणीतरी राहिलंय वर,’’ ती म्हणाली. ‘‘कोण राहिलंय?’’

‘‘तू!’’ मी किंचाळलेच. ‘‘तू राहिलीयेस, भवाने! तुझ्यासाठी उघडं आहे ते!’’

ती हसली. लहान मूल काहीतरी वेड्यासारखं बोललं की हसतो तसं. ‘‘मी कशी राहीन? मला वाट माहीत आहे. दुसरं कुणीतरी आहे. तुम्ही बसा हं. उठू नका.’’ आणि मग काही नाही. मी हाका मारल्या, शिव्या दिल्या, हातापाया पडले. माझाच आवाज माझ्याच तोंडाशी घुटमळत होता. धुकं विरळ झालं तेव्हा बाजूला कुणी नव्हतं. माझी साडी पिळून निघेल एवढी भिजली होती, सगळे दगड काळे ओले होते, आणि बाजूच्या एका दगडावर एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती. मी त्या जागेला हात लावला नाही. खाली कशी उतरले ते विचारू नका.

येताना मी एकच ठरवलं. ती काही येत नाही. ती मेली आहे आणि तिला ते माहीत नाही, आणि माझा भाऊ जिवंत आहे आणि त्याला ते माहीत नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, जिवंत आहे तो तरी वाचला पाहिजे. ऑफिसात शिरले आणि धडधडीत खोटं बोलले.

‘‘आली ती,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या मागोमाग उतरली. सरळ घराकडे गेली. ओढ शटर.’’

तो खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या ओल्या पदराकडे, हातांकडे, तोंडाकडे. मी नजर चुकवली नाही, खोटं बोलायचं तर नीट बोलावं. त्यानं विचारलं, ‘‘काय म्हणाली?’’ मी म्हटलं, ‘‘काय म्हणणार? दमलीय म्हणाली.’’ तो उठला. दिवा मालवला. शटर इतक्या वर्षांत गंजून अडकलं होतं, दोघांनी लोंबकळून ओढलं तेव्हा कुठे खाली आलं. घरी आल्यावर त्यानं ती कुठे आहे, असं एकदाही विचारलं नाही. हातपाय धुतले, गरम गरम जेवला आणि स्वतःच्या गादीवर दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपला. मी आपली स्वयंपाकघरात, कधी विचारतो आणि मी काय सांगते या धास्तीनं भांडी घासत बसले. त्यानं विचारलंच नाही. तो ऑफिसलाही गेला नाही. दिवसभर खिडकीत बसून राहिला, संध्याकाळी परत नीट जेवला. तेच मला जास्त भिववत होतं.

काही दिवसांनी धुकं आलं. मी दुकानात होते. ऑफिसचं शटर बंद. एक जोडपं उतरून आलं, नवऱ्याच्या सॅकचा पट्टा तुटला होता. मी सुई ओवत होते आणि बायको सांगत होती, ‘‘वर एक बाई भेटल्या. फार मायाळू. पण शेवटी जरा विचित्रच झालं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘त्यांनी विचारलं, खाली ऑफिस उघडं आहे का? आम्ही म्हटलं, नाही हो, बंद आहे. सकाळीही बंद होतं. तर म्हणाल्या, बंद आहे? म्हणजे उतरले सगळे? आणि उठल्या.’’

‘‘उठली?’’

‘‘उठल्या आणि चालायला लागल्या. एवढ्या धुक्यात! आम्ही ओरडलो, अहो, पुढे कडा आहे. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. झपझप गेल्या. खाली नाही, वर सुळक्याच्या बाजूला. आम्ही कान देऊन ऐकलं, पडल्याचा आवाज काही आला नाही. पाऊलच वाजत नव्हतं.’’

सुई बोटात घुसली ती मला नंतर रक्त दिसलं तेव्हा कळली. त्यांचा पट्टा तसाच टाकून मी घराकडे धावले, या गुडघ्यांनी. माझ्या एका खोट्यानं मी तिला तिथून उठवलं होतं. इतकी वर्षं जी बसून होती, इतक्या लोकांना जिनं कड्यापासून मागे ओढलं, तिला मी घालवून दिलं होतं. आणि धाकट्याची उरलीसुरली भेटही बंद केली होती. हे त्याला सांगणं भाग होतं.

तो खिडकीत बसला होता. बाहेर धुकं, काही दिसत नव्हतं, तरी धारेकडे तोंड करून बसला होता. मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले, ती आली नव्हती, ती मला काय काय म्हणाली, जोडप्यानं काय सांगितलं, सगळं.

‘‘मला माहीत होतं,’’ तो म्हणाला.

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘तू वरून आलीस आणि वाटेबद्दल चकार शब्द बोलली नाहीस. ती तुझ्या मागोमाग उतरली असती तर तिनं घळीतल्या दगडाचं सांगितलंच असतं. तेव्हाच कळलं, ती आलेली नाही.’’

‘‘मग शटर का ओढलंस, मेल्या?’’

त्याला खोकल्याची उबळ आली, ती गेली. ‘‘सगळ्यांना ती तेच विचारायची ना, ताई. ऑफिस उघडं आहे का. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं. उघडं आहे म्हटलं की ती बसून राहायची, कुणीतरी राहिलंय म्हणून. मी बंद केलं असतं तर ती उठली असती. मला माहीत होतं ते.’’

‘‘आणि इतकी वर्षं?’’

‘‘इतकी वर्षं मला तिची खुशाली कळत होती,’’ तो म्हणाला आणि त्याचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. ‘‘धुकं आलं की कुणीतरी येऊन सांगायचं, आज अशी होती, आज हे म्हणाली. मी तिला तिथे थंडीत बसवून ठेवली, ताई. मला बंद करवेना. तू खोटं बोललीस आणि मला निमित्त मिळालं.’’

मी त्याला जवळ घेतलं. आई गेली तेव्हा रडला नव्हता तेवढा तो रडला. मीही रडले, आणि या वेळी स्वतःवर चिडले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिस उघडलं, इतरांसारखं सकाळी. भिंतीपलीकडून मला त्याचं नेहमीचं ऐकू यायला लागलं, बूट, नखं, मोजे. मधेच एक तरुण पाहुणी म्हणाली, ‘‘काका, धुक्यात वर एक बाई भेटतात म्हणे, वाट सांगतात. माझी मैत्रीण भेटून आलीय. आम्हाला भेटतील का?’’

मी मशीनवरचा पाय काढला.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘वर आता कुणी नाही. धुकं आलं तर तुमचं तुम्हालाच बसायला लागेल.’’

‘‘का, त्या कुठे गेल्या?’’

‘‘माझी बायको होती ती,’’ धाकटा म्हणाला. ‘‘वारली.’’